तारेचा कान

काही वाद्ये जात्याच मोठ्या आवाजाची असतात. सनई दाराशी वाजली तरी आळीच्या टोकाला लग्न कळते. ढोलाला तर आपले गावही पुरत नाही. उलट काही वाद्ये आवाजाने गरीब. ती बोलतात गोड, पण त्यांच्याजवळ जाऊन बसावे लागते. गिटार ही या दुसऱ्या पंगतीतली. आज गणपतीच्या मांडवातून निघालेला तिचा आवाज दोन चौक ओलांडून येतो आणि आजोबांची झोपमोड करतो, तेव्हा हे कुणाला खरे वाटायचे नाही. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नाचघरांत गिटारवाल्याची अवस्था मागच्या बाकावरच्या मुलासारखी होती. उत्तर त्याला येत असे. ते ऐकू मात्र कुणालाच जात नसे. मी पडलो शाळामास्तर. अशा मुलाला आवाज कसा फुटला, ही हकीकत मला सांगावीशी वाटते ती त्यामुळेच.

लॉस एंजेलिस शहरात जॉर्ज बीचम नावाचा एक वादक होता. हवाई बेटांतल्या पद्धतीने गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवीत तो वाजवी. पुढे तुताऱ्या आणि सॅक्सोफोन गर्जत असताना आपलेही सूर मागच्या भिंतीपर्यंत पोचावेत, हा त्याचा ध्यास. गिटारीसमोर मायक्रोफोन ठेवावा, तर शेजारचा ढोल आणि श्रोत्यांचा खोकलाही त्यात शिरणार! तेव्हा बीचमने हवेतल्या नादाचा नादच सोडला आणि तारेचे थरथरणेच थेट पकडायचे ठरवले. १९३१ साली त्याचा नमुना तयार झाला आणि १९३२ पासून अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या सहकार्याने ती गिटार विक्रीला आली. ओतीव अॅल्युमिनियमचे गोल पोट आणि त्याला लांब दांडी. लोकांनी तिचे नाव 'तवा' ठेवले. या तव्यावर तारांना वेढून नालाच्या आकाराचे दोन लोहचुंबक होते आणि तारांखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे. या जोडणीचे नाव पिकअप.

वाचकहो, यात जादू काही नाही. जवळ लोहचुंबक असला की पोलादी तारही थोडीशी चुंबक होते. ती छेडली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर डोलू लागते. आणि असे क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ सालीच लंडनमध्ये दाखवून दिले होते. तार सेकंदाला ४४० वेळा थरथरली, तर ती नाजूक वीजही ४४० वेळा हेलकावते. तिला बळ देऊन कर्ण्यातून सोडले की झाला सूर! म्हणजे पिकअप हा कान खरा, पण मोठा एकनिष्ठ कान. त्याला फक्त पोलादाची भाषा कळते. आतड्याची किंवा नायलॉनची तार त्याच्यापुढे रात्रभर छेडली, तरी तो ढिम्म!

बीचमने १९३४ साली पेटंटसाठी अर्ज केला. हे वाद्य खरोखर वाजते की नाही, अशी शंका अधिकाऱ्यांना होती. ती फेडण्यासाठी वादकांना त्यांच्यापुढे वाजवून दाखवावे लागले, असे सांगतात. पेटंट हाती पडले ते १९३७ साली. तोवर इतर कारखान्यांच्या विजेच्या गिटारी बाजारात येऊन बसल्या होत्या. बीचम १९४१ साली वारला, तेव्हा तो अवघा ४२ वर्षांचा होता.

पण मागच्या बाकावरचा मुलगा आता बोलू लागला होता. गिब्सन कंपनीने १९३६ साली विजेची गिटार काढली, आणि ती हाती घेऊन चार्ली ख्रिश्चन हा निग्रो तरुण १९३९ साली बेनी गुडमन यांच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात दाखल झाला. तोवर अशा वृंदांत गिटारीने बहुधा ठेका धरावा, एवढीच अपेक्षा असे. हा पोरगा सॅक्सोफोनच्या तोडीस तोड ताना घेऊ लागला! १९४२ साली क्षयाने तो गेला. वय २५. तीन वर्षांहूनही कमी काळ त्याला त्या व्यासपीठावर मिळाला; पण गिटारीला पुन्हा नुसत्या ठेक्यावर बसवणे त्यानंतर कुणाला जमले नाही.

आता या कानाचे एक दुखणे सांगितले पाहिजे. भिंतीतल्या तारा, दिवे, पंखे यांतली वीज आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा आणि अमेरिकेत ६० वेळा हेलकावते. पिकअपचे वेटोळे तीही इमानाने ऐकते, आणि वादक थांबला की कर्ण्यातून भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज येत राहतो. यावर गिब्सनमधल्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने १९५५ साली तोड काढली. त्याने दोन वेटोळी शेजारी ठेवली. दुसऱ्याचे गुंडाळणे उलटे केले आणि चुंबकाची टोकेही उलटी केली. बाहेरच्या गुणगुणीला चुंबकाशी कर्तव्य नाही. ती दोन वेटोळ्यांत परस्परविरुद्ध येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटतो. दोन नकारांचा होकार होतो, हे व्याकरणाच्या तासाला मी मुलांना शिकवतो. लव्हरने ते तांब्यात गुंडाळून दाखवले. त्याच सुमारास रे बट्स यानेही स्वतंत्रपणे हीच युक्ती साधली.

पण फुकटात काय मिळते? दोन वेटोळ्यांचा सूर भरदार आणि गोल होतो, तसा तारेच्या आवाजातला वरचा चटका थोडा बोथटही होतो. ज्यांना तो चटका हवा, ते आजही गुणगुण सोसून एकेरी वेटोळे घेतात. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर असे तीन एकेरी पिकअप बसवले आणि एका वेळी एकच बोलावा अशी तीन घरांची कळ दिली. वादकांनी काय करावे? कळ दोन घरांच्या मध्येच अडकवून ठेवली! दोन पिकअप एकदम बोलू लागले आणि एक नवाच, किणकिणता सूर निघाला. पुढे १९७७ साली कंपनीने पाच घरांची कळ देऊन त्या खोडीला रीतसर मान्यता दिली.

आपल्याकडेही हा कान रुजायला वेळ लागला नाही. मुंबईच्या चित्रसृष्टीत वावरलेल्या व्हॅन शिप्ली यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीते वाजवून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. आता तर गावोगावी वाद्यवृंद आहेत. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एकात वाजवतो. मध्यंतरी घरी आला आणि विचारू लागला, "सर, जास्त वेढ्यांचा पिकअप चांगला का हो?"

मी त्याला म्हटले, "वेढे वाढले की आवाज वाढतो, पण धार जाते. केसाएवढ्या तारेचे एका वेटोळ्यावर पाच हजार ते दहा हजार वेढे असतात. त्यात दिलेले आणि घेतलेले सारखेच मोजावे लागते. आधी जागा बघ. एकच पिकअप घोडीजवळ ठेवलास तर टणक बोलेल, मानेजवळ ठेवलास तर मऊ. कारण तारेचा झोका तिकडे मोठा. तारेच्या फार जवळही चढवू नकोस. चुंबक तारेला ओढतो आणि सूर बेसूर होतो. ट्यूबलाइटांच्या झगमगाटात वाजवायचे असेल तर दुहेरी घे. आणि मुख्य म्हणजे, गाणाऱ्याच्या मागे वाजवणार की पुढे, हे ठरव."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मागे, सर. पण ऐकू आलं पाहिजे."

बीचमचे मागणे तरी याहून वेगळे कुठे होते?