बुडालेली कौलं आणि बुडवायची जहाजं

धारवाडला समुद्र नाही, पण मंगलोरी कौलं या मुलुखाला परकी नाहीत. ती बनवणाऱ्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेची ठाणी धारवाडात 1837 मध्ये आणि हुबळीत 1839 मध्ये उघडली होती. त्याच मिशनच्या मंगळूरच्या कारखान्याचा माल गोव्यापाशी सेंट जॉर्ज रीफ या खडकाजवळ पाण्याखाली, एका बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत सापडला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तिथे कौलं, फरशा, सांडपाण्याचे नळ आणि कोरिंथियन घाटाची खांबशीर्षं मिळाली. त्यांवर कारखान्याच्या नावाबरोबर 1865 हा आकडा उमटवलेला होता. हे कारखान्याच्या स्थापनेचं साल, माल भाजल्याचं नव्हे. त्यामुळे जहाज त्यानंतर कधीतरी बुडालं, एवढंच त्यावरून सांगता येतं. मात्र कारखान्याचा माल नुसत्या कौलांपुरता नव्हता आणि तो समुद्रमार्गे उत्तरेकडे जात होता, हे तिथल्या ढिगावरून कळतं.

भाजक्या मातीचं काय एवढं, किनाऱ्यावर अशी कौलं ढिगाने पडली आहेत, असं कोणी म्हणेल. पण घरावरचं कौल एकटं असतं. बुडालेल्या जहाजात कौल, फरशी आणि नळ एकाच सफरीचा माल म्हणून एकत्र सापडतात. गोव्याच्याच सुंची रीफजवळच्या पोर्तुगीजकालीन अवशेषांतही तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी एकत्र आढळली. आफ्रिका आणि चीन एका तळाशी आले, म्हणूनच त्या वस्तू व्यापाराबद्दल बोलतात. एखाद्या हौशी पाणबुड्याने त्यातला एक तुकडा आठवण म्हणून उचलला, तर तुकडा राहतो आणि पुरावा जातो.

म्हणून पर्यटकांना पाण्यात उतरू द्यायचं नाही का? तसं नाही. मालवण-तारकर्लीत स्कूबावर आज अनेकांची पोटं भरतात. बंदी हा उपाय नव्हे, त्यांना पाहायला दुसरं जहाज देणं हा आहे. नौदलाचं ‘गुलदार’ हे 1985 मध्ये दाखल झालेलं, पोलंडमध्ये बांधलेलं जहाज 2024 मध्ये निवृत्त झालं. निवतीच्या खडकांजवळ बुडवून त्याची कृत्रिम रीफ करण्यासाठी ते महाराष्ट्राकडे सोपवण्यात आलं. तेल, रंग आणि तारा आधी काढल्या नाहीत तर असं जहाज समुद्रात टाकलेला कचराच ठरेल, हा आक्षेप रास्त आहे, आणि साफसफाईवर खर्च करूनच त्याला उत्तर देता येईल. पण हे काम नीट झालं, तर पोलादावर शिंपले-प्रवाळ धरतील, मासे आसरा घेतील आणि पर्यटकाला बुडालेलं जहाज पाहायला मिळेल. त्याचा सगळा इतिहास नौदलाच्या दफ्तरात आहे. कोणी हात लावला तरी काही हरवत नाही. सेंट जॉर्ज रीफच्या कौलांना मात्र असं दफ्तर नाही. गर्दीला नवं जहाज आणि संशोधकाला जुनं, अशी वाटणी केली तर दोन्ही टिकतील.