गेटवरचे ‘सुभेदार साहेब’ मोठे की कॅप्टन? फौजेतल्या रँकचं गणित नेमकं काय असतं?

चाकण एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टच्या वेळी कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर थांबा. कडक इस्त्रीचा युनिफॉर्म, मोजकं बोलणं, बॅग चेक करताना जराही घाई नाही, असा एक माणूस तिथं हमखास दिसेल. पोरं त्यांना ‘फौजी’ म्हणतात. वय जरा जास्त असेल तर थेट ‘सुभेदार साहेब’.

ते खरंच सुभेदार होते का, हे मात्र कुणी विचारत नाही.

तसं बघायला गेलं तर पिंपरी-चिंचवडला फौज काही नवीन नाही. दापोडीला सीएमई म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, पलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स, इकडे देहूरोड कॅन्टोन्मेंट. तरी रँकच्या बाबतीत आपला गोंधळ कायम असतो.

तर सैन्यात मुख्य तीन थर आहेत. जवान, जेसीओ आणि ऑफिसर.

सगळ्यात खाली शिपाई. पण शिपायाचं नाव युनिटप्रमाणे बदलतं. इंजिनिअर्समध्ये तो सॅपर, तोफखान्यात गनर, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सवार, तर ईएमई म्हणजे दुरुस्ती-देखभालीच्या कोअरमध्ये क्राफ्ट्समन. ‘चंदू चॅम्पियन’ पिक्चर ज्यांच्यावर आला ते सांगलीचे मुरलीकांत पेटकर याच ईएमईमध्ये क्राफ्ट्समन होते. १९६५ च्या युद्धात त्यांनी गोळ्या झेलल्या, १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक आणलं आणि पुढे पुण्यात टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये नोकरी केली. क्राफ्ट्समन म्हणजे कारागीर समजून पुढे जाऊ नका, ती शिपायाचीच रँक आहे.

शिपायानंतर लान्स नाईक, मग नाईक, मग हवालदार. हवालदार हा साधारण दहा जणांच्या सेक्शनचा प्रमुख. कोण कुठं उभा राहणार, कुणाचं हत्यार साफ नाही, कुणाच्या घरी अडचण आहे, हे सगळं त्याला माहीत असावं लागतं.

आता येतो खरा गमतीचा थर, जेसीओ म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. रणगाड्यांकडे हेच नायब रिसालदार, रिसालदार आणि रिसालदार मेजर. ही इंग्रजांच्या काळातली व्यवस्था. इंग्रज अधिकाऱ्याला जवानांची भाषा येत नव्हती, म्हणून मध्ये अनुभवी देशी माणूस ठेवला. इंग्रज गेले, थर राहिला. नायब सुभेदाराला तर १९६५ पर्यंत जमादार म्हणायचे.

चाकणच्या भाषेत सांगायचं तर, वीस-पंचवीस वर्षं लाइनवर काढलेला सुपरवायझर म्हणजे सुभेदार आणि कॉलेजमधून थेट आलेला बावीस वर्षांचा जीईटी म्हणजे लेफ्टनंट. कागदावर जीईटी वर, पण मशीन बंद पडलं की सगळे कुणाकडे बघतात ते तुम्हाला माहीत आहे. फौजेत हा मान बोलण्यातही जपला जातो. लेफ्टनंटच नाही, तर मोठे अधिकारीही सुभेदाराला ‘साहब’ म्हणूनच हाक मारतात.

पगारात फरक आहेच. सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन शिपायाला २१,७०० रुपये, नायब सुभेदाराला ३५,४००, सुभेदार मेजरला ४७,६०० आणि नव्या लेफ्टनंटला ५६,१००.

जवानाचा अधिकारी होत नाही का? होतो. राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साध्या भरतीतून गेले, पायऱ्या चढत जमादार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली म्हणून त्यांना परमवीर चक्र मिळालं. जिवंतपणी ते मिळालेले ते पहिलेच.

आणखी एक वाट म्हणजे मानद रँक. सेवेच्या शेवटी निवडक जेसीओंना मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन करतात. गावाकडं दारावर ‘कॅप्टन’ अशी पाटी दिसते ती बरेचदा अशी. तो माणूस तिशीतल्या कॅप्टनसारखा अकादमीतून आलेला नसतो, आख्खी नोकरी करून तिथं पोहोचलेला असतो.

ऑफिसरांची शिडी लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर आणि वर जनरल मंडळी. मेजरकडे साधारण शंभर-सव्वाशे जणांची कंपनी, कर्नलकडे आख्खी बटालियन. इथं एक जबरदस्त गफलत होते. लष्करातला कॅप्टन शिडीच्या दुसऱ्याच पायरीवर असतो, पण नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा. लष्कराच्या कॅप्टनला नौदलात लेफ्टनंट आणि हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट म्हणतात. २०१९ मध्ये पाकिस्तानातून परतलेले अभिनंदन विंग कमांडर होते, म्हणजे लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचे. हवालदाराच्या तोडीचा हवाई दलात सार्जंट, नौदलात पेटी ऑफिसर.

हे सगळं नोकरी देणाऱ्यांना माहीत असायला हवं. पंधरा वर्षांनी पेन्शन बसते, त्यामुळे अनेक जण पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतात. बायोडेटावर ‘हवालदार’ वाचून एचआरला पोलिस चौकी आठवते आणि माणूस गेटवर जातो. त्याच्या डिस्चार्ज बुकात ट्रेडसुद्धा लिहिलेला असतो. ईएमईचा हवालदार असेल तर त्याने कदाचित ट्रकची इंजिनं उघडली असतील, आणि गेटच्या आत मेंटेनन्सला माणूस मिळत नसतो.

यात आता नवा शब्द आलाय, अग्निवीर. ही शिपायाच्याही खालची स्वतंत्र रँक. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. योजनेच्या मूळ अटींनुसार त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. बाकीच्यांना सेवानिधी मिळेल, पण पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वय मात्र पंचविशीच्या आसपास, आयटीआय करून लाइनवर लागलेल्या पोरांएवढंच.