पाळणा कुणासाठी? जत्रेपासून इमॅजिकापर्यंत

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या घरात दरवर्षी एकच भांडण. पुतण्या पंधरा वर्षांचा, त्याला इमॅजिकाच्या नायट्रोत बसायचंय. लेक सात वर्षांची, तिला पाण्यात खेळायचंय. आई चौऱ्याहत्तरची. ती म्हणते, "मला शिर्डीला सोड, मग तुम्ही जा कुठं जायचं तिथं."

यंदा खर्चाचा हिशेब करायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की हे नुसतं घरातलं भांडण नाही. गेल्या 35-36 वर्षांत आपल्याकडे जे पार्क उभे राहिले, त्यांनी आपल्याला वयाप्रमाणे आणि खिशाप्रमाणे वाटून घेतलंय. ही वाटणी कशी झाली ते लिहितोय. शेवटी विषय आपल्या गावच्या बागेपाशी येणार आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी जत्रा होती. लाकडी पाळणे, आकाशपाळणा, मौत का कुआँ, कुस्त्यांचा फड, बांगड्यांची दुकानं, गोडीशेव आणि रेवड्या, रात्री तमाशा. म्हाताऱ्या माणसांना देवदर्शन आणि पारावरच्या गप्पा. प्रत्येक वयाचा कोपरा वेगळा, पण मैदान एकच. पैसे पाळण्याला द्यावे लागायचे, मैदानात शिरायला नाही. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

1984 साली दिल्लीत अप्पू घर सुरू झालं. 1982 च्या एशियाडचं बोधचिन्ह असलेल्या हत्तीचं नाव त्याला दिलं होतं. मग 1989 मध्ये मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. सुभाष चंद्रांच्या एस्सेल समूहाचं. झी टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती. एस्सेल वर्ल्डनं कुणाला हाक मारली? शाळकरी पोरांना. टीव्हीवरच्या जाहिरातीत घरी न जाण्याचा हट्ट धरणारी मुलं होती, मोठी माणसं नव्हती. तो हट्ट महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पोहोचला आणि शाळांच्या सहली गोराईकडे वळल्या.

मीही त्यातलाच. आठवीत असताना लाल एसटीनं रात्रभर प्रवास करून गेलो होतो. बोटीतून खाडी ओलांडली, तीच आमच्यासाठी पहिली राईड. दिवसभर नुसती धावपळ. पण आज आठवतं ते वेगळंच. सहलीची फी भरता आली नाही म्हणून वर्गातले अकरा जण मागं राहिले होते. जत्रेतून आमच्यातलं कुणी असं कधी मागं राहिलं नव्हतं.

1998 मध्ये एस्सेल वर्ल्डच्या शेजारीच, त्याच समूहानं वॉटर किंगडम काढलं. एकाच माणसाची दोन दुकानं, पण गिऱ्हाईक वेगळं. कोरड्या पार्कात शाळेच्या सहली, ओल्या पार्कात कॉलेजची पोरं-पोरी आणि रविवारची कुटुंबं. पाण्याचं एक बरं असतं. तान्ह्या पोरापासून आजोबांपर्यंत कुणालाही गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं. त्याला ना उंची लागते, ना धाडस.

आता जरा अमेरिकेत डोकवावं लागेल, कारण 'थीम पार्क' ही कल्पना तिथली आणि वयाची वाटणीही तिथंच आधी झाली. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना सुट्टीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जायचे. मुली लाकडी घोड्यांच्या पाळण्यात, आणि बाप बाकावर बसून. आई-बाप आणि मुलं एकत्र मजा करतील अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर आला, असं ते स्वतः सांगत. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. 1971 मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळ डिस्ने वर्ल्ड. घोळक्यातल्या सगळ्यात लहान पोरालाही बसता येईल अशा राईड, ही त्यांची ओळख बनली.

पण लहान पोरं मोठी होतात. बारा-तेरा वर्षांच्या पोराला मिकी माउसची लाज वाटायला लागते. 1990 मध्ये त्याच गावात युनिव्हर्सल स्टुडिओ आला तो किंग काँग, भूकंप आणि 'जॉज'चा शार्क घेऊन. म्हणजे जरा मोठ्या पोरांसाठी. 1999 मध्ये त्यांनी दुसरा पार्क काढला, त्यात हल्कचा रोलर कोस्टर. उंची 54 इंच नसेल तर आत प्रवेश नाही! डिस्नेही गप्प बसलं नव्हतं. 1994 मध्येच त्यांनी अख्खी लिफ्ट धाडकन खाली आणणारा भुताचा मनोरा उभा केला होता, आणि 1999 मध्ये रॉक संगीतावर सुसाट पळणारा कोस्टर काढला. इकडे युनिव्हर्सलनं हल्कच्या त्याच पार्कात चिमुकल्यांचा वेगळा कोपराही केला होता. थोडक्यात काय, तर एकानं सोडलेलं वय दुसऱ्यानं उचललं आणि मग दोघंही एकमेकांचं वय पळवायला लागले. 2010 मध्ये युनिव्हर्सलनं हॅरी पॉटरचं गाव उभं केलं. लहानपणी पुस्तकं वाचून मोठी झालेली तरुण पिढी तिकडं लोटली. मुलं घेऊन नाही, स्वतःसाठी.

हे सगळं पाहूनच आपल्याकडे 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं. मनमोहन शेट्टी हे सिनेमावाले. ॲडलॅब्स त्यांची, 'अर्धसत्य'चे एक निर्मातेही तेच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे होऊन दहाएक वर्षं झाली होती, आणि दोन्ही शहरांत गाडी असलेला मध्यमवर्ग तयार होता. इमॅजिकानं त्याला गाठलं. एकाच तिकिटात आई-बापांसाठी त्यांच्या लहानपणचा 'मिस्टर इंडिया', कॉलेजवाल्यांसाठी नायट्रो, छोट्यांसाठी टब्बी हत्ती. डिस्नेच्या बाकावरचं स्वप्नच म्हणा ना. पण चार जणांचं तिकीट, वर डिझेल, टोल, खाणं हे जमणारी घरं किती? जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तो थेट 28 टक्के. पुढं जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आणला, पण तोवर कर्जाचा बोजा वाढला होता. मग कोरोना. 2022 मध्ये इमॅजिका मालपाणी समूहाकडे गेलं.

हे मालपाणी म्हणजे संगमनेरचे, गाय छापवाले. मुंबईच्या माणसानं सुरू केलेला पार्क अहमदनगर जिल्ह्यातल्या माणसानं घेतला, ही बातमी करताना मला खरं सांगतो, बरं वाटलं होतं. या समूहानं एक गोष्ट ओळखली होती, जी गोराईला किंवा खोपोलीला कुणाच्या फारशी डोक्यात आली नव्हती. ती म्हणजे आमची आई. शिर्डीत त्यांचं साईतीर्थ आहे. तिथं कुणी उलटं टांगत नाही. बसल्या जागी देशभरातल्या देवळांच्या प्रतिकृती बघायच्या, बोलते-हलते साईबाबा बघायचे, 'लंका दहन' बघायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी केलेला हा पार्क. आणि शिर्डीतच त्यांचा वेट अँड जॉय वॉटर पार्क, नातवंडांसाठी. एका गाडीतून आलेली तीन पिढ्यांची माणसं दोन दारांतून आत जातात. धंदा म्हणून हुशारी आहेच, पण त्यात आपल्या घरांचा अभ्यासही आहे.

आता मूळ मुद्दा. धंदेवाल्यांनी वयं वाटून घेतली यात त्यांची चूक नाही. ज्याच्याकडून तिकीट मिळेल त्यालाच ते हाक मारणार. ज्याच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत, त्याचं बघायचं काम कुणाचं? ते आपलं, म्हणजे नगरपालिकेचं.

परवा संध्याकाळी मुद्दाम आपल्या गावच्या बागेत जाऊन तासभर बसलो. दोन घसरगुंड्या, चार झोपाळे (एकाची साखळी तुटलेली), एक ओपन जिम, आणि फलक: मोठ्या मुलांनी खेळणी वापरू नयेत. बरोबरच आहे, खेळणी मोडतात. पण मग त्या मोठ्या मुलांनी जायचं कुठं? पोरं स्टँडमागं मोटारसायकलवर मोबाईल घेऊन बसलेली दिसतात, आणि आपण त्यांना नावं ठेवतो. त्या वयाच्या पोरी तर कुठंच दिसत नाहीत. आजोबा मंडळींना बाक आहेत, पण त्यांना पाठ नाही, सावली नाही. स्वच्छतागृहाला कुलूप. म्हणून बायका अर्ध्या तासात उठून जातात.

बाग तीन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी बांधली आणि बाकीचं गाव विसरलो. डिस्नेच्या त्या बाकावर आपण अजून बसूनच आहोत.

फेब्रुवारीत नगरपालिकेचं अंदाजपत्रक येतं. बागेचं 'सुशोभीकरण' त्यात दरवर्षी असतं. तुमच्या नगरसेवकाला यंदा कारंज्याबद्दल विचारू नका. तीन गोष्टी विचारा. पाठ असलेले, सावलीतले बाक किती? व्हॉलीबॉलची एक जाळी आणि पोरींसाठी राखीव वेळ मिळेल का? दिवे नऊपर्यंत चालू आणि स्वच्छतागृह उघडं राहील का? यातलं काहीच कोट्यवधींचं नाही.

आमच्या घरचं म्हणाल तर यंदा शिर्डी ठरलीय. आई साईतीर्थला, लेक पाण्यात. पुतण्या मात्र रुसून बसलाय. म्हणतो, "काका, तुमच्या प्लॅनमध्ये मी कुठंच नाही."

तो चूक बोलत नाहीये.