अब्राहाम कायपर : राज्य, शाळा आणि मंडळी यांच्या सीमारेषांचा प्रश्न (१८३७–१९२०)

प्रस्तावना

धर्मश्रद्धेने सार्वजनिक जीवनाला आकार द्यावा की नाही, हा प्रश्न बहुधा दोन टोकांवरून मांडला जातो. श्रद्धा ही व्यक्तीची खासगी बाब असून राज्यकारभार, शिक्षण व कायदा यांपासून ती दूर असावी, हे एक टोक. बहुसंख्यांच्या धर्माने राज्यसंस्थेवर आपली मुद्रा उमटवावी, हे दुसरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समध्ये एका प्रोटेस्टंट पाळकाने ही दोन्ही टोके नाकारली व तिसरी वाट चोखाळली. पाळक, संपादक, पक्षनेते, प्राध्यापक आणि अखेरीस पंतप्रधान अशा विविध भूमिका बजावलेल्या अब्राहाम कायपर यांचे कार्य राजकारण, शिक्षण आणि मंडळीचे नेतृत्व या तीन क्षेत्रांत झाले. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच होते; यश मात्र सारखे आले नाही. प्रस्तुत लेखात या असमान यशाची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

कायपर यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८३७ रोजी मासस्लाउस येथे एका पाळकाच्या घरी झाला. लायडन विद्यापीठात त्यांनी ईश्वरविद्येचे शिक्षण घेतले, ते उदारमतवादी विचारांचे. ख्रिस्ताचे शारीरिक पुनरुत्थान नाकारणाऱ्या व्याख्यानाला आपण टाळ्या वाजवल्या होत्या, याची कबुली पुढे त्यांनीच दिली. १८६३ साली बेस्त या खेड्यातील मंडळीत ते पाळक म्हणून रुजू झाले. तेथे पीच्ये बाल्टस नावाची एक अविवाहित स्त्री नव्या पाळकाशी हस्तांदोलन करण्यासही नाखूष होती. त्यांची शिकवण तिला मान्य नव्हती. तिच्यासारख्या अल्पशिक्षित, पण कॅल्व्हिनच्या परंपरेत मुरलेल्या माणसांशी झालेल्या संवादातून त्यांचे विचारपरिवर्तन घडले, असे त्यांनी नमूद केले आहे. चरित्रकारांना हा प्रसंग विशेष प्रिय आहे. त्यातील भावुकता बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. ज्या ‘लहान माणसां’च्या बळावर पुढे त्यांची चळवळ उभी राहिली, त्यांची ओळख त्यांना ग्रंथालयात नव्हे, तर खेड्यात झाली होती.

या माणसांची तक्रार जुनी होती. १८१६ साली राजा विल्यम पहिला याने राष्ट्रीय प्रोटेस्टंट मंडळीवर वरून खाली उतरणारी प्रशासकीय व्यवस्था लादली. तिच्याविरुद्ध १८३४ मध्ये हेन्ड्रिक द कॉक यांच्या नेतृत्वाखाली काही मंडळ्या फुटून निघाल्या, तेव्हा त्यांना दंड व सैनिकांचा पहारा सोसावा लागला. शाळांची स्थितीही निराळी नव्हती. १८०६ च्या कायद्यानुसार शासनाच्या परवानगीवाचून खासगी शाळा उघडता येत नसे. १८४८ च्या राज्यघटनेने शिक्षणाचे स्वातंत्र्य दिले, परंतु पैसा दिला नाही.

शाळेचा लढा

या लढ्याविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो. निधर्मी शाळेविरुद्ध धर्मनिष्ठांचे बंड, असे त्याचे चित्र रंगवले जाते. वस्तुतः १८५७ च्या कायद्यातील सार्वजनिक शाळा स्वतःला निधर्मी म्हणवीत नव्हती. विद्यार्थ्यांमध्ये ख्रिस्ती व सामाजिक सद्गुण रुजवणे हे तिचे घोषित उद्दिष्ट होते. आक्षेप नेमका तेथेच होता. प्रोटेस्टंट, कॅथलिक व ज्यू या सर्वांना चालेल असा, सिद्धान्त वगळून केवळ नीती ठेवलेला ख्रिस्ती धर्म म्हणजे राज्याने निर्माण केलेला एक नवा पंथच होय, असे इतिहासकार व राजकारणी ग्रून व्हान प्रिन्स्टरर यांचे म्हणणे होते. हा कायदा त्यांच्याच वर्तुळातील व्हान डर ब्रुखेन या मंत्र्याच्या हातून झाला. निराश होऊन ग्रून यांनी संसदसदस्यत्वाचा त्याग केला.

ग्रून यांचा वारसा कायपर यांच्याकडे आला. १ एप्रिल १८७२ रोजी ‘द स्टँडार्ड’ हे दैनिक सुरू झाले आणि १८७४ मध्ये कायपर संसदेवर निवडून आले. धर्मोपदेशकास संसदेत बसण्यास तेव्हा घटनेची मनाई होती, म्हणून त्यांनी पाळकपद सोडले. १८७८ साली कापेन यांच्या उदारमतवादी सरकारने नवा शाळा-कायदा आणला. इमारती, वर्गातील विद्यार्थिसंख्या व शिक्षकांची पात्रता यांचे दर्जे त्याने उंचावले. शैक्षणिक दृष्टीने यातील बरेच काही योग्यच होते. परंतु या वाढीव खर्चाचा वाटा सार्वजनिक शाळांना सरकारी तिजोरीतून मिळणार होता; खासगी शाळांनी मात्र तोच दर्जा स्वतःच्या खिशातून राखावयाचा होता. म्हणजे पालकांनी एकदा कर भरून दुसऱ्याची शाळा चालवावी आणि पुन्हा वर्गणी देऊन आपली. राजाने या कायद्यावर सही करू नये, अशी विनंती करणाऱ्या अर्जावर तीन लाखांहून अधिक प्रोटेस्टंटांनी सह्या केल्या. कॅथलिकांच्या स्वतंत्र अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या होत्या. देशातील एकूण मतदारांची संख्या या दोन्ही आकड्यांच्या बेरजेपेक्षा पुष्कळच कमी होती. विल्यम तिसरा याने ऑगस्ट १८७८ मध्ये सही केलीच.

हा पराभव फलदायी ठरला. सह्या गोळा करणाऱ्या स्थानिक समित्यांच्या जाळ्यातून ३ एप्रिल १८७९ रोजी ‘क्रांतिविरोधी पक्ष’ स्थापन झाला. लिखित कार्यक्रम, मध्यवर्ती समिती आणि गावोगावच्या शाखा असलेला तो नेदरलँड्समधील पहिला आधुनिक राजकीय पक्ष होय. नावातील ‘क्रांती’ म्हणजे १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचे मानवी सार्वभौमत्वाचे तत्त्व. क्रांतीला विरोध करणाऱ्या या पक्षाने मताधिकाराचा विस्तार मागितला, ही वरकरणी विसंगती वाटते. परंतु मताधिकार नसलेल्या ‘लहान माणसां’च्याच सह्यांवर तो उभा होता.

स्वक्षेत्रातील सार्वभौमत्व

२० ऑक्टोबर १८८० रोजी ॲम्स्टरडॅमच्या ‘न्यूवे केर्क’मध्ये मुक्त विद्यापीठाचे उद्घाटन करताना कायपर यांनी आपला सिद्धान्त मांडला. संपूर्ण सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे आहे. पृथ्वीवर ते कोणा एकाकडे सोपवलेले नाही. कुटुंब, शाळा, विज्ञान, कला, व्यापार, मंडळी आणि राज्य या प्रत्येक क्षेत्राला थेट ईश्वराकडून अधिकार प्राप्त झाला आहे. राज्याचे काम या क्षेत्रांच्या सीमा सांभाळणे व दुर्बलांचे रक्षण करणे इतकेच; त्यांना गिळंकृत करणे नव्हे. मानवी जीवनाचा तसूभरही भाग असा नाही, ज्यावर ख्रिस्ताचा हक्क नाही, हे त्यांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच भाषणातील.

या विधानाचा अन्वयार्थ लावताना काळजी घ्यावी लागते. वरवर पाहता हे धर्मराज्याचे समर्थन वाटते. कायपर यांचा निष्कर्ष मात्र उलट होता. हक्क ख्रिस्ताचा आहे, म्हणूनच तो राज्याचा नाही आणि चर्चचाही नाही. सर्व जीवन ख्रिस्ताचे असले तरी ते मान्य करावयास लावण्याचा अधिकार दंडसत्तेला नाही. शाळेचा अधिकार पालकांचा. पालक कॅथलिक, ज्यू वा अश्रद्ध असतील तर त्यांचाही तो तितकाच. प्रोटेस्टंट वर्चस्व पुनःस्थापित करण्याची मागणी येथे गळून पडते, आणि कायपर यांच्या अनेक अनुयायांना हेच पचवणे जड गेले. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या स्मृतीवर वाढलेल्या लोकांना कॅथलिक पुरोहित व नेते स्काप्मान यांच्याशी आघाडी करणे म्हणजे इतिहासाशी द्रोह वाटला. तरीही १८८८ मध्ये आघाडीचे सरकार आले आणि १८८९ च्या कायद्याने खासगी शाळांना प्रथमच अंशतः अनुदान मिळाले.

न्यूवे केर्कचा दरवाजा

राज्याविरुद्ध उपयोगी पडलेले सूत्र मंडळीच्या अंतर्गत कारभारात कितपत टिकले, हे पाहण्यासाठी १८८५–८६ चा ॲम्स्टरडॅमचा संघर्ष बारकाईने पाहावा लागतो. १८६७ पासून मंडळीतील सभासदांना आपले वडील व पाळक निवडण्यात वाटा मिळाला आणि ॲम्स्टरडॅमची मंडळी-सभा सनातनी मतांच्या हाती आली. उदारमतवादी पाळकांकडे शिकलेल्या काही तरुणांना अन्य गावी जाऊन दृढीकरण करून घ्यावयाचे होते. त्यासाठी मंडळी-सभेचा दाखला आवश्यक होता. ख्रिस्तावरील विश्वासाची स्पष्ट कबुली दिल्याविना दाखला देण्यास सभेने नकार दिला. वरिष्ठ मंडळांनी तो देण्याचा हुकूम केला.

येथवर प्रश्न श्रद्धेचा होता. डिसेंबर १८८५ मध्ये तो मालमत्तेचा झाला. आपल्याला निलंबित केले गेल्यास इमारती व निधी यांची व्यवस्था निष्ठावंतांकडेच राहावी, अशा रीतीने सभेने नियम बदलले. ४ जानेवारी १८८६ रोजी वरिष्ठ मंडळाने सभेच्या ८० सदस्यांना निलंबित केले. दोन दिवसांनी कायपर, रुटगर्स आणि लोमान न्यूवे केर्कमध्ये पोहोचले, तेव्हा सभेच्या दालनाचा दरवाजा बंद होता. त्याची एक फळी कापून आत प्रवेश मिळवण्यात आला. विरोधी वृत्तपत्रांना वर्षभर पुरेल असा हा विषय होता. फुटून निघालेल्यांनी स्वतःच्या चळवळीस ‘डोलेआन्त्सी’, म्हणजे शोक करणारी मंडळी, असे नाव दिले. शोक करणाऱ्यांच्या हाती करवत होती, हे टीकाकारांनी विसरू दिले नाही. इमारती अखेर राष्ट्रीय मंडळीकडेच राहिल्या. १८९२ मध्ये हा गट १८३४ च्या बहुतांश फुटीर मंडळ्यांशी एकत्र आला.

या वेळी कायपर पाळक नव्हते, मंडळीचे निर्वाचित वडील होते. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंपूर्ण असून वरची मंडळे तिच्या संमतीनेच अस्तित्वात येतात, हा त्यांचा मंडळीविषयक विचार सुसंगत होता. वडीलपणाला त्याने खरे वजन दिले. परंतु त्यांच्या स्वतःच्या नेतृत्वावर अंकुश ठेवणारे क्षेत्र कोणते? दैनिकाचे संपादक, पक्षाचे अध्यक्ष, विद्यापीठाचे प्राध्यापक आणि मंडळीचे वडील एकच असतील, तर क्षेत्रांच्या सीमा कागदावर उरतात. त्याचा अनुभव लोमान यांना आला. करवतीच्या प्रसंगी बरोबर असलेले हे सहकारी १८९४ मध्ये मताधिकाराच्या प्रश्नावर कायपर यांच्यापासून दुरावले. पाठोपाठ त्यांचे कायद्याचे अध्यापन विद्यापीठाच्या तत्त्वांना धरून आहे की नाही, याची चौकशी झाली आणि १८९६ मध्ये त्यांना मुक्त विद्यापीठ सोडावे लागले. राज्य आणि चर्च या दोहोंपासून मुक्त असलेले विद्यापीठ पक्षीय कलहापासून मुक्त राहू शकले नाही. कायपर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा प्रसंग दरवाजाच्या कथेपेक्षा अधिक गंभीर मानावा लागेल.

सत्तेतील चार वर्षे

१८९१ च्या ख्रिस्ती सामाजिक परिषदेत कायपर यांनी दारिद्र्य हा केवळ दानधर्माचा विषय नसून समाजरचनेतील दोष आहे, असे सांगितले होते. पोप लिओ तेरावे यांचे कामगारविषयक परिपत्र त्याच वर्षीचे. १९०१ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा कामगारांच्या अपेक्षा स्वाभाविकच वाढल्या. जानेवारी १९०३ च्या रेल्वे संपाने सरकार हादरले. एप्रिलमध्ये रेल्वे व सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपावर बंदी घालणारे कायदे संमत झाले आणि त्याविरुद्धचा सार्वत्रिक संप फसला. कामगार हेही एक क्षेत्र असेल, तर त्याचे सार्वभौमत्व कोठे गेले, या समाजवाद्यांच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. १९०५ च्या उच्च शिक्षण कायद्याने मात्र खासगी विद्यापीठांच्या पदव्यांना मान्यता मिळाली. त्यासाठी कायपर यांनी आदल्या वर्षी वरिष्ठ सभागृह विसर्जित केले होते. त्याच वर्षी ते निवडणूक हरले.

स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांचा विरोध राहिला. मतदानाचा हक्क कुटुंबप्रमुखाचा, अशी त्यांची धारणा होती. डच ईस्ट इंडीजविषयी त्यांच्या सरकारने नैतिक कर्तव्याची भाषा केली, परंतु आचेहमधील युद्ध चालूच राहिले. क्षेत्र-सिद्धान्ताची काळी बाजू दक्षिण आफ्रिकेत दिसली. तेथील आफ्रिकानर विचारवंतांनी वंश व राष्ट्र यांनाही ईश्वरनिर्मित स्वतंत्र क्षेत्रे ठरवून वर्णभेदाला धार्मिक आधार पुरवला. कायपर यांच्या लेखनातील वंशविषयक शेरे पाहता, हा सर्वस्वी विपर्यास होता असे म्हणता येत नाही. मात्र वर्णभेदाविरुद्ध लढणारे ॲलन बुसाक यांनीही त्याच कायपर यांच्या ख्रिस्ताच्या सर्वव्यापी हक्काच्या विधानाचा आधार घेतला, आणि मुक्त विद्यापीठाने १९६५ साली मार्टिन लूथर किंग यांना मानद डॉक्टरेट दिली.

१९१७ नंतर

१९१७ मध्ये एका उदारमतवादी पंतप्रधानाच्या कारकिर्दीत तडजोड झाली : डाव्यांना सार्वत्रिक पुरुष मताधिकार, धर्मनिष्ठांना शाळांसाठी समान अनुदान. १९२० च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने ती अमलात आली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला हेग येथे कायपर यांचे निधन झाले. ‘धर्म वा भाषा’ यांवर आधारित अल्पसंख्याकांच्या संस्थांना अनुदान देताना भेदभाव करू नये, असे सांगणारे भारतीय राज्यघटनेचे कलम ३०(२) परिचित असलेल्या वाचकाला या तडजोडीतील एक फरक लक्षात येईल : डच व्यवस्थेत बहुसंख्य-अल्पसंख्य असा भेदच नाही, प्रत्येक गट तत्त्वतः एक गट आहे.

याची किंमतही मोजावी लागली. प्रोटेस्टंट, कॅथलिक व समाजवादी यांच्या शाळा, वृत्तपत्रे, कामगार संघटना, पुढे नभोवाणी संस्थाही वेगळ्या झाल्या. एकाच गल्लीत राहणारी माणसे परस्परांना न भेटता आयुष्य काढू शकत. १९६० नंतर ही स्तंभरचना ढासळू लागली. क्रांतिविरोधी पक्ष १९८० मध्ये कॅथलिक व अन्य प्रोटेस्टंट पक्षांत विलीन झाला. १८८६ मध्ये ज्या राष्ट्रीय मंडळीतून कायपर बाहेर पडले होते, तिच्याशी आणि लूथरपंथीयांशी त्यांच्या वारसांची मंडळी १ मे २००४ रोजी एकरूप झाली. शाळा मात्र टिकल्या. आजही डच प्राथमिक शाळांतील बहुसंख्य मुले शासकीय अनुदानावर चालणाऱ्या खासगी शाळांत शिकतात. १९८८ मध्ये रॉटरडॅम व आइन्टहोफन येथे पहिल्या इस्लामी शाळा उघडल्या. सुरिनाममार्गे आलेल्या, मूळच्या भारतीय कुटुंबांनी त्याच वर्षी हेगमध्ये हिंदू प्राथमिक शाळा सुरू केली, आणि तिला अनुदान मिळाले ते १९१७ च्या त्याच कलमाखाली.