झेलणारा अडवायला जातो तेव्हा

मंडळी, या शनिवारचा विषय जरा लांबचा आहे. अमेरिकन फुटबॉल! ज्यांना यातलं ओ की ठो कळत नाही त्यांनी लगेच पळून जाऊ नये. मलाही हा खेळ बरीच वर्षं म्हणजे हेल्मेट घालून केलेली मारामारीच वाटायचा. पण यात एक गोष्ट अशी आहे की आपल्यासारख्या संगणकवाल्यांनी ती जरूर ऐकावी.

आधी दोन मिनिटं नियम. मैदानात दोन्ही बाजूंचे ११-११ जण. चेंडू ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, त्यांना अडवणारे ते डिफेन्स. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. आपल्या कबड्डीत चढाई करून आलेला गडी पुढच्याच क्षणी कोपऱ्यात उभा राहून पकड करतो. इथे तसं नाही. चेंडूचा ताबा बदलला की अकराच्या अकरा बाहेर आणि दुसरे अकरा आत. दोघांचे कोच वेगळे, बैठका वेगळ्या, सराव वेगळा. एकाच संघात जणू दोन बिऱ्हाडं!

गंमत म्हणजे ही भिंत पहिल्यापासून नव्हती. पूर्वी तेच ११ जण दोन्ही कामं करायचे, कारण बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती. १९४१ मध्ये कॉलेज फुटबॉलने हे नियम सैल केले. युद्धामुळे धडधाकट पोरं मिळेनाशी झाली होती. १९४५ मध्ये मिशिगनचा सामना आर्मीच्या बलाढ्य संघाशी होता. मिशिगनकडे बहुतेक कोवळी पोरं. तेव्हा त्यांचे कोच फ्रिट्झ क्रायस्लर यांनी त्या सैल नियमाचा फायदा घेऊन चढाईला एक तुकडी आणि बचावाला दुसरी असं वाटूनच टाकलं. मिशिगन ७-२८ असं हरलं, पण युक्ती सगळ्यांनी उचलली. तिला नाव पडलं 'टू-प्लॅटून', म्हणजे दोन पलटणी. पुढे खर्च परवडेना म्हणून १९५३ मध्ये हे बंद केलं गेलं आणि १९६४-६५ मध्ये पुन्हा सुरू झालं, ते कायमचं.

म्हणजे बघा, 'मी ऑफेन्सवाला', 'मी डिफेन्सवाला' ही ओळख काही निसर्गाने दिलेली नाही. मनुष्यबळ, खर्च आणि बदलीचा नियम यांतून ती तयार झाली. पण भिंत एकदा उभी राहिली की तिच्या दोन्ही बाजूंना आपोआप मान-अपमान चिकटतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याचे फोटो छापून येतात, अडवणाऱ्याचे कमी. ऑफेन्समधून डिफेन्सला गेलेल्या पोराकडे लोक "बिचारा, तिकडे जमलं नाही वाटतं" अशाच नजरेने बघतात.

आता मूळ गोष्ट. रिचर्ड शर्मन. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा मुलगा. शाळेत अभ्यासातही वरच्या नंबरात, म्हणून थेट स्टॅनफर्डमध्ये. तिथे तो वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब पळत जाऊन हवेतला चेंडू झेलणारा. २००६ मध्ये पहिल्याच वर्षी त्याने ३४ झेल घेऊन ५८१ यार्ड मिळवले. संघ मात्र १२ पैकी ११ सामने हरला!

२००७ मध्ये जिम हार्बॉ हे नवे कोच आले. ऑक्टोबरमध्ये गाठ पडली यूएससीशी. यूएससी तेव्हा देशात दुसऱ्या क्रमांकावर, घरच्या मैदानावर सलग ३५ सामने जिंकलेला संघ. सट्टेवाल्यांच्या हिशेबात स्टॅनफर्ड ४१ गुणांनी हरणार होतं. सामन्याच्या अखेरीला स्टॅनफर्डचा चौथा प्रयत्न, हवेत २० यार्ड. चुकलं की खेळ खलास. चेंडू आला शर्मनकडे आणि त्याने तो झेलला. पुढे एका मिनिटाहून कमी वेळ उरला असताना टचडाऊन झाला आणि स्टॅनफर्ड २४-२३ असं जिंकलं. त्या दिवशी हरलेल्या संघाच्या कोचचं नाव लक्षात ठेवा: पीट कॅरल.

अशा पोराने पुढे काय व्हावं? मोठा रिसीव्हर! पण २००८ मध्ये त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि वर्ष हातचं गेलं. परत आला तेव्हा तो रिसीव्हर नव्हता, कॉर्नरबॅक होता. म्हणजे रिसीव्हरला चिकटून त्याला झेल घेऊ न देणारा. काल जे काम तो करायचा तेच आज बिघडवायचं.

हा बदल किती अवघड असतो याची कल्पना करा. रिसीव्हरला आपण कुठे वळणार ते आधीच माहीत असतं. कॉर्नरबॅकला नसतं. तो उलटा पळत असतो आणि समोरच्याच्या कमरेकडे बघत क्षणार्धात अंग वळवतो. वीस वेळा बरोबर केलं तर कोणाचं लक्ष नसतं, एकदा चुकलं की अख्खं स्टेडियम बघतं. (आपल्यातल्या सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे वाक्य वेगळं समजावून सांगायला नको!)

पण शर्मन तिकडे रिकाम्या हाताने गेला नव्हता. रिसीव्हर वेग कधी कमी करतो, वळण्याआधी पाऊल कसं टाकतो, चेंडू येताना हात कधी वर नेतो, हे सगळं त्याने स्वतः केलेलं होतं. शिवाय उंची सहा फूट तीन इंच, जी कॉर्नरबॅकमध्ये फार कमी दिसते, आणि झेलायची सवय असलेले हात. २०१० च्या मोसमात त्याने समोरच्यांचे चार पास पळवले आणि स्टॅनफर्ड १३ पैकी १२ सामने जिंकलं. त्याच संघातला ओवेन मारेसिक तर त्या वर्षी दोन्ही बाजूंनी खेळायचा. नोट्र डेमविरुद्ध त्याने १३ सेकंदांत एक टचडाऊन ऑफेन्सकडून केला आणि एक डिफेन्सकडून!

तरी व्यावसायिक संघांना शर्मनवर फारसा भरवसा वाटला नाही. दोनच वर्षं बचाव केलेला पोरगा, कोण घेणार? २०११ च्या ड्राफ्टमध्ये तो थेट पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकावर निवडला गेला. घेतलं सिअ‍ॅटलने. तिथले कोच होते पीट कॅरल! स्वतः कॉलेजात बचावपटू असलेला हा माणूस, ज्याच्या संघाविरुद्ध शर्मनने तो २० यार्डांचा झेल घेतला होता. पहिल्या चार मोसमांत शर्मनने २४ पास पळवले. २०१३ मध्ये त्याचे आठ होते, लीगमध्ये सर्वाधिक.

१९ जानेवारी २०१४. सुपर बोलच्या आधीचा सामना. समोर सॅन फ्रान्सिस्को, आणि त्यांचे कोच हार्बॉ, म्हणजे स्टॅनफर्डवालेच. सिअ‍ॅटल २३-१७ ने पुढे, सुमारे ३० सेकंद उरलेली, सॅन फ्रान्सिस्को १८ यार्डांवर. कोपऱ्यात मायकल क्रॅबट्रीकडे चेंडू फेकला गेला. शर्मनने उडी मारून डाव्या हाताने तो टोलवला आणि त्याचा सहकारी माल्कम स्मिथने झेलला. सामना संपला. नंतर टीव्हीवर तो जे ओरडला तेच लोकांच्या लक्षात राहिलं. असो. मला विचाराल तर ती उडी रिसीव्हरचीच होती. दोन आठवड्यांनी सिअ‍ॅटलने डेन्व्हरला ४३-८ असं लोळवलं.

आता थोडं आपल्याकडे. माझ्या ओळखीची एक मुलगी चार वर्षं जावात कोड लिहून स्वतःहून टेस्टिंगला गेली. घरच्यांचा पहिला प्रश्न: "ऑफिसात काही झालं का गं?" मित्रांनी तर सांत्वनच केलं. पण ती पहिल्याच आठवड्यात नेमकं कुठे बोट ठेवायचं ते ओळखून होती, कारण घाईत आपण कुठे कोपरे कापतो हे तिने स्वतः केलेलं होतं.

याचा अर्थ प्रत्येक बदल फळतोच असं नाही. शर्मनचं एक वर्ष गेलं, ड्राफ्टमधला भाव गेला, आणि उंची नसती तर कदाचित त्याची गोष्टच झाली नसती. शिवाय कोणी मनाविरुद्ध ढकललं तर तो अन्यायच. पण हे पाऊल खालच्या पायरीवरचं आहे असं आपण जे धरून चालतो, त्याला फारसा आधार नाही. २०२४ मध्ये कोलोराडोच्या ट्रॅव्हिस हंटरने रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक अशी दोन्ही कामं करत हाइसमन ट्रॉफी, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च वैयक्तिक मान, मिळवली. भिंत अजून आहे, पण पलीकडे जायला बंदी नाही.

तेव्हा अप्रेझलच्या दिवसांत कोणी "बाजू बदलतोस का?" असं विचारलं तर लगेच चेहरा पाडू नका. आधी इतकंच बघा की इकडचं काय काय तिकडे बरोबर नेता येईल. यादी लांब निघाली तर जायला हरकत नाही :)