‘एकतर्फी’ या शब्दाआड

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्च १९९०. मी तेव्हा एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत होतो. दहावीची परीक्षा चालू होती आणि बातमी आली : उल्हासनगरच्या परीक्षा केंद्रात पेपर लिहीत बसलेल्या मुलीला एका तरुणाने जाळून मारले. तिने त्याला नकार दिला होता, एवढेच कारण. ती घटना महाराष्ट्र विसरलेला नाही. मला बोलायचे आहे ते त्यानंतर शाळांनी काय केले, याबद्दल.

आमच्या शाळेने मुलींच्या पालकांची सभा घेतली. मुलींनी एकटे येऊ नये, वहीत कोणाची चिठ्ठी सापडली तर बाईंना दाखवावी, वगैरे. मुलग्यांची सभा? ती कोणाला सुचलीच नाही. मलाही नाही, हे कबूल केले पाहिजे. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ‘एकतर्फी प्रेम’. मोठा फसवा शब्द आहे. त्यात हिंसा कुठे दिसतच नाही. उलट त्या मुलाची कणव यावी! पुढे अशा बातम्या येत राहिल्या, मथळ्यात शब्द तोच.

बोलायला हवे ते मुलग्यांशी, हे मांडले १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘मावा’ या पुरुषांच्याच संघटनेने. महापालिकेच्या शाळांत हा विषय रीतसर शिरला तो २००८ पासून, ‘जेम्स’ या उपक्रमातून. ‘कोरो’ ही संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यात होत्या. पंचेचाळीस शाळा, आणि वर्ग सहावी-सातवीचे. घरात कोणती कामे कोण करते, वयात येताना काय बदलते, राग आला की हात का उठतो, यावर मुले-मुली बोलत. समानतेचा धडा पाठ करून पाच गुण मिळवण्याहून हे फार वेगळे.

२०१३ मध्ये पाठलाग हा कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरला. योग्यच झाले. पण कायदा मध्ये पडतो तेव्हा मुलगा पाठलागाला लागलेला असतो.

निवृत्तीच्या आधी नववीच्या वर्गात मी एक प्रयोग केला. फळ्यावर लिहिले : ‘ती नाही म्हणाली तर?’ आणि बिननावी चिठ्ठ्या मागवल्या. ‘पुन्हा विचारीन’, ‘मित्राला मध्ये घालीन’, ‘ती लाजत असेल’, अशीच बहुतेक उत्तरे. सिनेमाने शिकवलेली, दुसरे काय! एक चिठ्ठी मात्र उघडच मुलीची होती : ‘का नाही, ते विचारू नका. कारण सांगितलं की ते खोडून काढतात.’

ती मी मोठ्याने वाचली. वर्ग गप्प झाला. मग शेवटच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मग आम्ही करायचं काय?”

वीस-पंचवीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी पानिपत राहून गेले.