ल्यूथरची आठवण आणि ल्यूथरची वही

मार्टिन ल्यूथरच्या लॅटिन ग्रंथांच्या पहिल्या खंडाला त्याचीच प्रस्तावना आहे, तारीख ५ मार्च १५४५. मरणाला वर्षही उरलं नव्हतं. तीत तो तरुणपणाची हकिकत सांगतो. पौलाच्या रोमकरांस पत्रातले ‘देवाचे नीतिमत्त्व’ हे शब्द त्याला नकोसे झाले होते. नीतिमान देव म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा देव, हेच तो शिकला होता. पहिल्या अध्यायाच्या सतराव्या वचनाशी रात्रंदिवस झुंजल्यावर उलगडा झाला: हे नीतिमत्त्व देव मागत नाही, विश्वास ठेवणाऱ्याला देतो. नंतर ऑगस्टिनचा ‘आत्मा आणि अक्षर’ हा ग्रंथ वाचला, तर ध्यानीमनी नसताना तिथंही तसाच अर्थ निघाला.

हे कधीचं? प्रस्तावनेत ही हकिकत १५१९ च्या घटनांना लागून येते, म्हणून सहज वाचणारा तेच साल धरतो. पण दुसरा एक कागद शिल्लक आहे. १५१५-१६ मध्ये विटेनबर्गला ल्यूथरनं याच पत्रावर व्याख्यानं दिली. त्यासाठी पत्राचा पाठ ओळींमध्ये ऐसपैस जागा आणि रुंद समास सोडून मुद्दाम छापून घेतला; अर्थटिपा त्या जागेत, लांबलचक विवेचन वेगळ्या पानांवर. ही वही बर्लिनच्या राजग्रंथालयात होती, तरी अभ्यासकांच्या लेखी हरवलेली! आधी तिची नक्कल व्हॅटिकनमध्ये सापडली. योहानेस फिकरनं संहिता छापली ती १९०८ मध्ये.

सतराव्या वचनाच्या विवेचनात तिथं तोच अर्थ आहे, आणि आधाराला ऑगस्टिनचा तोच ग्रंथ, अकराव्या प्रकरणाच्या उल्लेखासह. म्हणजे ज्या ग्रंथाची गाठ उलगड्यानंतर पडली, तो १५१५ मध्येच हाताशी होता. प्रस्तावनेतलं लॅटिन क्रियापदही ‘ओढ लागली’ असं नाही, ‘ओढ लागलेली होती’ असं आहे. तेवढ्यावर काहींनी घटना मागे नेली. मला तो आधार लंगडा वाटतो, कारण त्याआधी १५१९ बद्दल बोलतानाही ल्यूथर तोच काळ वापरतो. ऑगस्टिनची साक्ष मात्र हलत नाही. अर्थाचा उलगडा मी १५१५ च्या अलीकडे ओढणार नाही.

अर्न्स्ट बिझरनं १९५८ मध्ये १५१८ साल मांडलं, तेही उगाच नाही. वहीत चौथ्या अध्यायापाशी विश्वासणारा माणूस रोग्यासारखा आहे: वैद्यानं बरं करण्याचा शब्द दिलाय, तो पथ्य पाळतोय, आजारी आहे आणि आशेनं बराही. १५१९ च्या ‘दोन प्रकारच्या नीतिमत्त्वा’वरील प्रवचनात उपमा बदलते. आता नवरानवरी आहेत. एकाचं ते दुसऱ्याचं, तसं ख्रिस्ताचं नीतिमत्त्व विश्वासणाऱ्याचं. पण त्याच प्रवचनात ल्यूथर म्हणतो की ते एका दमात मिळत नाही, मरेपर्यंत वाढत राहतं. म्हणजे लग्न लागलं तरी वैद्याचं औषध चालूच होतं.